दंडाचा पट्टा व खांद्याचें बळ

पट्टा बांधून रक्त थांबविणें ही गोष्ट वैद्यकाइतकीच जुनी आहे. जखमेंतून रक्ताची धार लागली असतां तिच्या वरच्या अंगास करकचून फडकें आवळावें, एवढें ज्ञान कोणत्याहि देशांतील खेडुतास पुस्तकाशिवाय असतें. परंतु तोच पट्टा कांहींसा सैल बांधावा, रक्ताचा ओघ अडवावा पण तो अगदीं बंद करूं नये, आणि अशा अर्धवट कोंडलेल्या हातानें हलकेंसें वजन उचलून स्नायूंचें बळ वाढवावें, ही कल्पना मात्र अवघ्या साठ वर्षांची आहे. शस्त्रक्रियेनंतर सुकलेल्या मांड्या, वार्धक्यानें दुबळे झालेले पाय, खेळाडूंचे दंड अशा नाना ठिकाणीं आज तिचा उपयोग होतो. खांद्यासाठींहि होतो, आणि तिची खरी कसोटी तेथेंच लागते. कारण मांडीला पट्टा बांधतां येतो, दंडाला बांधतां येतो, खांद्याला बांधतां येत नाहीं. ज्या स्नायूचें बळ वाढवावयाचें तो वर, आणि पट्टा त्याच्या खालीं दंडावर, अशी ही विलक्षण स्थिति आहे. पट्ट्याच्या पलीकडे राहिलेल्या स्नायूस त्या पट्ट्याचा लाभ कसा व्हावा, हा प्रश्न समजून घ्यावयाचा तर या पट्ट्याचा इतिहास प्रथम पाहिला पाहिजे.

सुश्रुतसंहितेंत बंध बांधण्याचे दोन निरनिराळे प्रसंग आले आहेत, व त्यांतील भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. सर्पदंश झाला असतां दंशाच्या वर चार अंगुळें सोडून घट्ट बंध बांधावा, असें कल्पस्थानांत सांगितलें आहे. त्या बंधास तेथें अरिष्टा असें नांव आहे. (आजचें वैद्यक सर्पदंशावर असा घट्ट बंध बांधूं नये, असें बजावतें, त्यानें विष थांबण्यापेक्षां अवयवच गमावण्याचा संभव अधिक.) दुसरा प्रसंग शिरावेधाचा. शीर फोडून रक्त काढावयाचें तर ती अगोदर फुगून वर आली पाहिजे. आणि त्यासाठीं बांधावयाचा बंध फार घट्टहि नको व फार सैलहि नको, अशी सूचना आहे. घट्ट बंधानें शीर फुगत नाहीं, सैल बंधानेंहि फुगत नाहीं, मधल्या बंधानें मात्र फुगते, हा अनुभव युरोपांतील रक्त काढणाऱ्या न्हाव्यांनाहि शतकानुशतकें होता. असें कां व्हावें, याचा विचार मात्र कोणी नेटानें केला नव्हता.

तो विल्यम हार्वेनें केला. हा इंग्रज तरुण इटलींतील पादुआच्या विद्यापीठांत शिकून १६०२ सालीं पदवीधर झाला. तेथील त्याचा गुरु फाब्रिशियस यानें पुढच्याच वर्षीं शिरांतील झडपांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें आणि त्यांत बांधलेल्या हाताचें चित्र दिलें. झडपा गुरूला दिसल्या, त्यांचें खरें प्रयोजन दिसलें नाहीं. पंचवीस वर्षांनीं, १६२८ मध्यें, फ्रँकफुर्ट येथें छापलेल्या आपल्या लहानशा लॅटिन ग्रंथांत शिष्यानें तशाच बांधलेल्या हाताचीं चित्रें घेऊन त्यांतून निराळाच अर्थ काढला.

हार्वेचा प्रयोग कोणासहि समजण्याजोगा आहे. ज्याच्या शिरा ठळक आहेत अशा कृश मनुष्याचा दंड प्रथम अगदीं घट्ट बांधावयाचा. मनगटावरील नाडी नाहींशी होते. बंधाच्या वर रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी नळी, जोरानें उडूं लागते. खालचा हात हळूहळू थंड पडतो, पण फुगत नाहीं. मग बंध थोडा ढिला करावयाचा. तत्काळ हात लालबुंद होतो, फुगतो, आणि त्यावरील नीला, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरा, दोरीसारख्या वर येतात. रोहिणी खोल असते व तिची भिंत जाड असते, म्हणून मध्यम बंधाला ती दाद देत नाहीं. नीला वरवर असतात व त्यांच्या भिंती पातळ असतात, म्हणून त्याच बंधानें त्या मिटतात. रक्त येत राहतें, परत जाण्याची वाट मात्र अडते. यावरून हार्वेनें रक्ताचें अभिसरण सिद्ध केलें. शरीरशास्त्राच्या इतिहासांत या प्रयोगाचें स्थान कोणतें, हें सर्वश्रुत आहे. येथें त्याचें महत्त्व एवढ्यासाठीं कीं, आजच्या व्यायामांत वापरला जाणारा बंध तो हाच, हार्वेचा मध्यम बंध.

पुढील अडीचशें वर्षें मात्र वैद्यकाचें लक्ष घट्ट बंधाकडेच राहिलें. रणांगणावर हातपाय कापावे लागत, आणि कापतांना रोगी रक्तस्रावानेंच जाई. फ्रान्समधील झां लुई पेती या शस्त्रवैद्यानें १७१८ सालीं स्क्रूनें आवळण्याचा पट्टा तयार केला. तो एकट्या मनुष्यास घट्ट करतां येई, हवा तेव्हां सैल करतां येई, आणि हात सोडला तरी जागच्या जागीं राही. फिरविणें या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून अशा साधनास टूर्निकेट हें नांव पडलें. त्यानंतर १८७३ सालीं जर्मनींतील कील येथील फ्रीद्रिख फॉन एस्मार्ख यानें रबराची लांब पट्टी पुढें आणली. बोटांपासून वरपर्यंत ती पट्टी गुंडाळीत न्यावयाची, म्हणजे अवयवांतील रक्त पिळून वर जातें. मग वरच्या टोकास बांधून टाकावयाचें. शस्त्रवैद्यास रक्ताचा थेंबहि न दिसतां काम करतां येऊं लागलें. एस्मार्खच्या रबरांत एक दोष होता. त्याचा दाब किती पडतो तें कळावयास मार्ग नव्हता, आणि दंडावर तो फार पडला म्हणजे मज्जातंतु दबून मनगट लुळें पडे.

या दोषावर उपाय अमेरिकेंत निघाला. हार्वे कुशिंग या मेंदूच्या शस्त्रवैद्यानें १९०१ सालीं इटलींतील पाव्हिया येथें रीव्हा-रोच्चीचें रक्तदाब मोजण्याचें यंत्र पाहिलें होतें. रबराची पोकळ पिशवी दंडाभोवतीं गुंडाळून तींत हवा भरावयाची, व हवेचा दाब पाऱ्याच्या नळींत वाचावयाचा, अशी त्या यंत्राची योजना १८९६ सालची. कुशिंगनें तीच योजना शस्त्रक्रियेच्या पट्ट्यास लावली आणि १९०४ सालीं ती प्रसिद्ध केली. दाब आतां मोजून देतां येऊं लागला. आज घरोघरीं दंडास गुंडाळून रक्तदाब पाहतात तो पट्टा, शस्त्रक्रियागृहांतील पट्टा आणि व्यायामाचा पट्टा हीं तिन्ही एकाच घराण्यांतील भावंडें आहेत.

मधल्या बंधाकडे परत वळलेला पहिला मोठा वैद्य म्हणजे एस्मार्खचाच कील येथील साहाय्यक, आउगुस्ट बीअर. हृदयविकारामुळें ज्यांच्या फुप्फुसांत रक्त सांचून राहतें त्यांना क्षय क्वचितच होतो, असें जुन्या वैद्यांचें निरीक्षण होतें. बीअरनें त्यावरून तर्क बांधला कीं, क्षयानें पछाडलेल्या सांध्यांत मुद्दाम रक्त सांचविलें तर रोग हटेल. तो सांध्याच्या वर रबराची मऊ पट्टी बांधी, इतकी कीं नीला मिटाव्या पण नाडी चालू रहावी. खालचा भाग उबदार राहिला पाहिजे, वेदना होतां कामा नये, हात थंड पडला तर पट्टी चुकली, असे त्याचे नियम होते. १९०३ सालीं त्यानें या उपचारावर ग्रंथ लिहिला आणि कांहीं वर्षें तो युरोप-अमेरिकेंत बराच गाजला. पुढें क्षयावर औषधें निघालीं व हा उपचार मागें पडला.

बीअरला खांद्याची अडचण त्याच वेळीं जाणवली होती. कोपर, मनगट, गुडघा यांच्यावर पट्टी बांधणें सोपें. खांद्यावर ती ठरतच नाहीं. त्यानें गळ्यांत एक फडकें सैलसर बांधून, त्यांतून रबराची नळी ओवून ती खांद्याच्या मुळाभोवतीं नेली, आणि छाती व पाठ यांवरून दुसऱ्या बगलेकडे बंद ताणून ती जागीं ठेवली. बीअरची ती खटपट कल्पक असली तरी त्रासाचीच होती. आणखी एक योगायोग असा कीं, १९२० सालीं बर्लिन येथें शारीरिक शिक्षणाचें उच्च विद्यालय निघालें, त्याचा पहिला प्रमुख हाच बीअर झाला. एका हातांत पट्टा आणि दुसऱ्या हातांत व्यायाम, अशी त्याची स्थिति होती. पण या दोन गोष्टी एकत्र येण्यास अजून जवळजवळ अर्धशतकाचा अवकाश होता.

दरम्यान व्यायामशास्त्रानें आपला एक निराळा सिद्धांत बनविला होता. दुसऱ्या महायुद्धांत जखमी होऊन आलेल्या सैनिकांच्या मांड्या महिनोन् महिने अंथरुणावर पडून वाळत. त्यांना हलक्या वजनाचे पुष्कळ हेलकावे देण्याची तोंवर चाल होती. थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरानें ती उलटी केली. दहा वेळांच उचलतां येईल एवढें जड वजन त्यानें रोग्यांना उचलावयास लाविलें व तें क्रमाक्रमानें वाढवीत नेलें. १९४५ साली त्यानें प्रसिद्ध केलेल्या लेखांत त्याचें म्हणणें स्पष्ट होतें: जड वजनानें शक्ति वाढते, हलक्या वजनानें दम वाढतो, आणि एकाचें काम दुसऱ्यानें होत नाहीं. तालमींत जोर-बैठका काढून व मुद्गल फिरवून वाढलेल्या पहिलवानास हें सांगावयास डीलॉर्मची गरज नव्हती. पुढें शास्त्रानें त्यास आकडा दिला. स्नायु वाढवावयाचा तर मनुष्य एकदांच उचलूं शकेल अशा कमाल वजनाच्या निदान दोनतृतीयांश तरी वजन पाहिजे, असा दंडक पडला.

हा दंडक पाळणें ज्यांना शक्य नाहीं त्यांचें काय? ज्याच्या सांध्यांत ताजे टांके आहेत, ज्याचें हाड नुकतें जुळलें आहे, ज्याची सत्तरी उलटली आहे, त्याला तें वजन मना आहे. आणि बळाची निकड त्यालाच अधिक. डीलॉर्मच्या नियमांत या लोकांस जागा नव्हती.

१९६६ सालीं जपानांत योशिआकी सातो नांवाचा अठरा वर्षांचा तरुण एका बौद्ध स्मृतिविधीस बसला होता. जपानी रिवाजाप्रमाणें तेथें गुडघे मोडून टांचांवर बसावें लागतें. आपल्याकडील वज्रासन तें हेंच. विधि लांबला, पायांस मुंग्या आल्या. सातो पोटऱ्या चोळूं लागला, तेव्हां त्या तशाच फुगल्या व ताठल्या होत्या, जशा व्यायामशाळेंत टांचा उचलण्याचा कसून व्यायाम केल्यावर होत. हा सारखेपणा रक्त कोंडल्यामुळें असावा, असें त्याच्या मनानें घेतलें. असे मुंग्या आलेले पाय कोट्यवधि लोकांनीं चोळले असतील. सातोनें मात्र घरीं जाऊन स्वतःच्या हातापायांस पट्टे, दोऱ्या, सायकलच्या नळ्या बांधून वर्षानुवर्षें प्रयोग मांडले. कोणता पट्टा, किती रुंद, किती घट्ट, किती वेळ, याची त्यानें टिपणें ठेविलीं. १९७३ सालीं बर्फावरून घसरण्याच्या खेळांत त्याचा घोटा मोडला आणि गुडघ्याचे अस्थिबंध दुखावले. पाय प्लॅस्टरमध्यें असतां तो मांडीस दिवसांतून तीन वेळां पट्टा बांधी, कांहीं क्षण आवळी व सोडी. त्याचें स्वतःचें सांगणें असें कीं, सहा आठवड्यांनीं प्लॅस्टर निघालें तेव्हां मांडी वाळलेली नव्हती. एका माणसाची, आणि तीहि स्वतःची हकीकत शास्त्रास पुरत नाहीं. पण तिनें सातोस पुरेसा धीर दिला. या पद्धतीस त्यानें काआत्सु असें नांव दिलें. दाब वाढविणें, हा त्या जपानी शब्दाचा अर्थ.

प्रयोगशाळेचा शिक्का मिळावयास आणखी पंचवीस वर्षें लागलीं. तोक्यो विद्यापीठाच्या नाओकाता इशी यांच्याबरोबर काम करणाऱ्या युदाई ताकारादा यांचा लेख २००० सालीं प्रसिद्ध झाला. साठीच्या जवळ आलेल्या स्त्रियांनीं सोळा आठवडे कोपर वांकवून वजन उचलण्याचा व्यायाम केला. कांहींनीं दंडास पट्टा बांधून कमाल वजनाच्या ३० ते ५० टक्के उचललें, कांहींनीं पट्ट्याशिवाय ५० ते ८० टक्के उचललें. दंडाचा पुढचा स्नायु पहिल्यांत सुमारें २० टक्के, दुसऱ्यांत सुमारें १८ टक्के वाढला. पट्ट्याशिवाय हलकें वजन उचलणाऱ्यांचा मात्र फारसा वाढला नाहीं. पुढें २००६ सालीं ताकाशी आबे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तरुणांच्या मांड्यांस पट्टे बांधून त्यांना ताशीं तीन किलोमीटर अशा संथ चालीनें नुसतें चालविलें, आणि तीन आठवड्यांत मांडीचे स्नायु चार ते सात टक्क्यांनीं वाढल्याचें दाखविलें. चालण्यानें मांडी वाढावी, हें डीलॉर्मला खरें वाटलें नसतें.

याचें कारण थोडक्यांत असें. स्नायूंत दोन जातींचे तंतु असतात. मंद तंतु प्राणवायूवर चालतात व हलकीं कामें तेच उरकतात. शीघ्र तंतु बलवान् खरे, पण शरीर त्यांना राखून ठेवतें. जड काम पडल्याशिवाय त्यांना हांक जात नाहीं. पट्ट्यामुळें ताजें रक्त कमी येतें व आलेलें लवकर परत जात नाहीं. मंद तंतूंना प्राणवायु अपुरा पडतो, ते थकतात, आणि वजन हलकें असूनहि शीघ्र तंतूंना कामास जुंपावें लागतें. थकव्याचीं द्रव्यें सांचतात, पेशी पाण्यानें फुगतात, नवीं प्रथिनें बनविण्याची आज्ञा सुटते. प्रथम प्रथम शरीरवाढीच्या ग्रंथिरसास यांतील मोठें श्रेय दिलें जाई, कारण अशा व्यायामानंतर रक्तांत तो पुष्कळ वाढतो. तें श्रेय आतां बरेंचसें काढून घेण्यांत आलें आहे. व्यायामाची रीत मात्र बऱ्याच ठिकाणीं एक ठरून गेली आहे: प्रथम तीस वेळां, मग तीन वेळां पंधरा-पंधरा, मध्यें अर्ध्या मिनिटाची विश्रांति, वजन कमाल बळाच्या वीस ते तीस टक्के, आणि दाब, नाडी पूर्ण बंद होण्यास त्या मनुष्यास जितका लागतो त्याच्या चाळीस ते ऐंशी टक्के. हा दाब प्रत्येकाचा निराळा असतो. दंड जाड असेल तर अधिक लागतो, पट्टा रुंद असेल तर कमी लागतो. म्हणून रबराची दोरी अंदाजानें आवळण्याचा सातोचा काळ संपून, मोजून दाब देणारीं यंत्रें आलीं. टेक्सास प्रांतांतील सॅन अँटोनियो येथें इराक व अफगाणिस्तानच्या युद्धांत जायबंदी झालेल्या सैनिकांसाठीं २००७ सालीं उघडलेल्या लष्करी केंद्रांत जॉनी ओवेन्स यांनीं अशा यंत्रांचा उपयोग केला, व अमेरिकेंतील व्यायामोपचारांत ही पद्धति तेथून पसरली.

आतां खांदा. शरीरांतील सर्वांत मोकळा सांधा हा. हात वर, खालीं, मागें, पुढें, गोल असा कोठेंहि फिरतो. आणि या मोकळीकेची किंमत म्हणजे सांध्याचा सैलपणा. मांडीचें हाड कमरेच्या खोल वाटींत बसलेलें असतें. दंडाचें हाड मात्र खांद्याच्या पात्यावरील उथळ बशींत, लिंबू ठेवावें तसें टेकलेलें असतें. तें घसरूं नये म्हणून पात्यापासून निघालेल्या चार लहान स्नायूंच्या कंडरा त्या गोलास बाहीच्या कफासारख्या वेढून धरतात. वरचा मोठा त्रिकोणी स्नायु हात उचलतो, पण खालचे हे चार जर वेळेवर आवळले गेले नाहींत तर गोल वर सरकून हाडावर आदळतो. या कंडरा फाटण्याचा रोग नीट ओळखून तो शिवण्याचें काम बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमननें विसाव्या शतकाच्या आरंभीं केलें व १९३४ सालीं खांद्यावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांस रात्रीं त्या कुशीवर निजवत नाहीं, गृहिणींस वरच्या फळीवरचा डबा काढवत नाहीं, अशा तक्रारींच्या मुळाशीं कित्येकदां याच चार स्नायूंचा दुबळेपणा असतो.

शिवलेली कंडरा हाडाशीं जुळावयास आठवडेच्या आठवडे लागतात. तोंवर हात झोळींत, आणि झोळींतला स्नायु दिवसेंदिवस सुकत जातो. जड वजन दिलें तर टांके तुटण्याचें भय, न दिलें तर स्नायु जाण्याचें. हलक्या वजनानें काम भागविणारा पट्टा येथें जितका हवासा वाटतो तितका इतरत्र कोठेंहि नसेल. आणि नेमका येथेंच तो बसत नाहीं. खांद्याच्या या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिणी मानेच्या मुळाशीं व बगलेंत फुटतात. दंडावरील पट्ट्याच्या त्या वर राहिल्या. पट्टा कितीहि आवळला तरी त्यांचें रक्त अडत नाहीं. बगलेंत पट्टा कोंबावा तर हाताचे सर्व मज्जातंतु तेथूनच जातात.

असें असतां खांद्यास लाभ होईल अशी आशा धरण्यास जागा कोठें? ती एका जपानी प्रयोगानें दाखविली. २०१० सालीं तोमोहिरो यासुदा व सहकारी यांनीं दहा तरुण घेतले. उताणें निजून छातीवरून दांडा वर ढकलण्याचा व्यायाम त्यांनीं कमाल वजनाच्या तीस टक्क्यांवर दोन आठवडे केला. पांचजणांच्या दंडांस पट्टे, पांचजणांच्या नाहींत. पट्टेवाल्यांच्या दंडाचा मागचा स्नायु सुमारें आठ टक्के वाढला, हें अपेक्षित होतें. छातीचा स्नायु, ज्यास पट्ट्याचा स्पर्शहि नव्हता, तो सुमारें सोळा टक्के वाढला. माणसें थोडीं, काळ थोडा. दोन आठवड्यांतला सोळा टक्क्यांचा आकडा सावधपणेंच घ्यावयास हवा, कारण ताज्या व्यायामाची सूज त्यांत किती मिसळली असेल, हा संशय राहतोच. तरीहि त्या प्रयोगानें दिशा दाखविली. स्पष्टीकरण असें देतात कीं, दांडा ढकलण्याचें काम दंड व छाती वांटून घेतात; पट्ट्यानें दंड लवकर थकला म्हणजे त्याचा वांटा छातीस उचलावा लागतो. भाऊबंदांतला एक आजारी पडला तर शेत दुसऱ्याला कसावें लागतें, तसेंच हें.

खास खांद्याच्या त्या चार स्नायूंवर प्रयोग झाले तेव्हां उत्तरें एकमुखी आलीं नाहींत. अमेरिकेंत जेसन ब्रुमिट व सहकारी यांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या चांचणींत निरोगी माणसांनीं कुशीवर निजून, कोपर अंगास लावून, हात बाहेर फिरविण्याचा एकच व्यायाम आठ आठवडे केला. बळ दोन्ही गटांत वाढलें. पट्ट्यानें अधिक वाढलें नाहीं, कंडराहि अधिक जाड झाली नाहीं. ह्यूस्टन येथील ब्रॅडली लँबर्ट व सहकारी यांची चांचणी २०२१ सालीं आली. तींतहि आठ आठवडेच, पण खांद्याचे चार निरनिराळे व्यायाम, कमाल बळाच्या वीस टक्क्यांवर, आणि दाब नाडी बंद करणाऱ्या दाबाच्या निम्मा. येथें पट्टा बांधणाऱ्यांच्या खांद्याच्या भागांतील मांस इतरांहून अधिक वाढलें आणि खांद्याचा दमहि अधिक वाढला.

या दोन चांचण्यांत कोणती खरी, असा वाद घालण्यापेक्षां त्यांतील व्यायामाकडे पाहणें अधिक उपयोगाचें. कुशीवर निजून हात फिरवितांना दंडाच्या स्नायूंना काम जवळजवळ नसतेंच. पट्ट्यानें ते थकले काय अन् न थकले काय, वांटा बदलण्याचा प्रश्न उद्भवत नाहीं. उभें राहून हातांत वजन घेऊन हात तिरकस वर उचलतांना मात्र मुठीपासून खांद्यापर्यंत सारी साखळी राबते. तेथें खालची कडी दमली तर वरच्या कडीवर भार येणें स्वाभाविक आहे. हें अनुमान बरोबर असेल तर खांद्यासाठीं पट्टा वापरणाऱ्या उपचारकानें दाबाच्या आकड्याइतकीच व्यायामाची निवडहि जपली पाहिजे. मात्र या दोन्ही चांचण्या धडधाकट माणसांवर झाल्या. कंडरा शिवलेल्या रोग्यांवरील अभ्यास त्या मानानें लहान आहेत, आणि ज्यांच्यासाठीं ही सारी यातायात, ते तर तेच होत.

धोक्याविषयींहि बोललें पाहिजे, कारण रबराचे पट्टे आतां बाजारांत स्वस्त मिळतात व हौशी तरुण ते व्यायामशाळेंत अंदाजानें आवळतात. जपानांत १०५ ठिकाणीं या पद्धतीनें व्यायाम केलेल्या १२,६४२ लोकांची पाहणी २००६ सालीं प्रसिद्ध झाली. शेंकडा तेराजणांच्या कातडीखालीं रक्त साकळलें, शेंकडा एकाहून थोड्या अधिकांस बधिरता आली. नीलांत गुठळी होण्याचें प्रमाण शेंकडा ०.०५५, आणि गुठळी फुप्फुसांत जाण्याचें ०.००८, म्हणजे एवढ्या लोकांत एक. हे आकडे शिकविलेल्या मार्गदर्शकांच्या देखरेखीखालील आहेत. एका हॉकीपटूनें पहिल्याच दिवशीं अति केल्यामुळें स्नायूंचे तंतु फुटून त्याला रुग्णालयांत जावें लागल्याची नोंद २०१० सालीं वैद्यकीय मासिकांत आली आहे. ज्यांना पूर्वीं गुठळी झालेली आहे, ज्यांचा रक्तदाब आवाक्यांत नाहीं, ज्यांच्या बगलेंतील गांठी स्तनाच्या कर्करोगासाठीं काढल्या आहेत, ज्या स्त्रिया गरोदर आहेत, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्याशिवाय या वाटेस जाऊं नये. उरलेल्यांसाठींहि बीअरनें आपल्या रोग्यांकरितां घालून दिलेला नियम आजच्या उपचारकाच्या टेबलाशीं तसाच चालतो: पट्टा बांधल्यावर बोटें उबदार असलीं पाहिजेत, नाडी हाताला लागली पाहिजे, आणि बोटें थंड पडूं लागलीं कीं तीस पुरे झाले नसले तरी हवा सोडावयाची.